मुद्रित आरेखनाची वाचनीयता

संगणकाच्या पडद्यावर सुस्पष्ट दिसणारे आरेखन कागदावर उतरताच दुर्बोध का व्हावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु छापील कागदावरील तुटक रेषा अखंड भासली, तर झाकलेली कड दृश्य समजली जाते आणि चूक थेट वस्तूत उतरते.

पडद्यावर आकृती हवी तेवढी मोठी करता येते, रेषांतील भेद रंगाने दाखविता येतो. कागदाला पहिली सोय नाही, आणि दुसरी फसवी आहे. काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसणारी पिवळी रेषा पांढऱ्या कागदावर जवळजवळ लोपते. म्हणून मुद्रण एकरंगी ठेवून भेद जाडीने दाखवावा, हे उत्तम. यांत्रिक आरेखनात जाड व बारीक रेषांचे प्रमाण २:१ असते.

आंतरराष्ट्रीय मानकातील जाड्या (०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर) स्थूलमानाने २ च्या वर्गमूळाच्या पटीत चढतात. ए-४ वरून ए-३ कडे जाताना कागदाच्या बाजूही त्याच पटीने वाढतात. हा योगायोग नव्हे. ए-१ चे आरेखन ए-३ वर निम्म्या मापाने आणल्यास ०.५ ची रेषा ०.२५ ची, म्हणजे श्रेणीतलीच, राहते. अक्षरे मात्र ३.५ वरून १.७५ मिलिमीटरवर येतात; तेव्हा ती मुळातच ५ मिलिमीटरची घ्यावीत.

विद्यार्थ्यांची खरी गल्लत होते ती प्रमाणाच्या बाबतीत. वास्तू खऱ्या मापाने रेखाटून १:१०० प्रमाणात छापावयाची असेल, तर कागदावरील ३.५ मिलिमीटर अक्षरासाठी रेखाटनात ३५० मिलिमीटर उंची द्यावी लागते. अक्षरे छपाईच्या पानावरच मांडल्यास हा गुणाकार टळतो.