दुर्ग-भिलाईची सबा अंजुम : सुवर्ण मिळाले, ऑलिम्पिक हुकले

भिलाई (छत्तीसगढ) : राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारतीय हॉकीच्या खात्यावर आजवर एकच सुवर्णपदक आहे आणि ते महिलांनी मिळविले आहे. 2002 मध्ये मँचेस्टरला ते जिंकणाऱ्या संघात छत्तीसगढच्या सबा अंजुम होत्या. पोलाद कारखान्यामुळे देशभर परिचित असलेल्या भिलाईला लागूनच असलेले दुर्ग हे त्यांचे गाव. दोन्ही शहरे आता इतकी एकमेकांत मिसळली आहेत, की लोक ‘दुर्ग-भिलाई’ असा एकत्रच उल्लेख करतात.

त्या वेळी सबा जेमतेम 17 वर्षांच्या होत्या आणि छत्तीसगढ राज्य स्थापन होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. अंतिम सामन्यात यजमान इंग्लंडविरुद्ध निर्धारित वेळेत बरोबरी झाली. तेव्हाच्या ‘गोल्डन गोल’ नियमानुसार जादा वेळेत पहिला गोल करणारा संघ विजयी ठरत असे. ममता खरब यांनी तो गोल केला व भारताने 3-2 असा विजय मिळविला. भारताचा पुरुष संघ त्या स्पर्धेत नव्हताच, हेही येथे नमूद करायला हवे.

2004 मध्ये दिल्लीत आशिया चषक आणि 2006 मध्ये मेलबर्नला राष्ट्रकुल रौप्य, असा आघाडीच्या फळीतील सबा यांचा प्रवास पुढे सुरू राहिला. भारतीय संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले.

मात्र ऑलिम्पिकचे मैदान त्यांच्या वाट्याला आले नाही. महिला हॉकीचा ऑलिम्पिकमध्ये प्रथम समावेश झाला तो 1980 मध्ये, मॉस्कोला. तेथे भारत चौथा आला. त्यानंतर भारतीय महिला थेट 2016 च्या रिओ स्पर्धेसाठी पात्र ठरल्या. मधल्या 36 वर्षांत खेळाडूंच्या पिढ्या आल्या आणि निवृत्त झाल्या. सबा यांची संपूर्ण कारकीर्द याच पोकळीत सापडली. लंडन ऑलिम्पिकसाठी 2012 मध्ये दिल्लीत झालेल्या पात्रता स्पर्धेत भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, पण दक्षिण आफ्रिकेने 3-1 अशी मात केली.

दखलही उशिराच घेतली गेली. मँचेस्टरनंतर तब्बल 11 वर्षांनी, 2013 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. 2015 मध्ये पद्मश्री. छत्तीसगढ पोलीस दलाने त्यांना उपअधीक्षकपद दिले. मैदानाबाहेर उपजीविकेचे साधन नसलेल्या खेळाडूंच्या दृष्टीने शासकीय नोकरीचे मोल पदकाहून कमी नसते.

मँचेस्टरच्या सुवर्णाची पुनरावृत्ती अद्याप झालेली नाही. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला महिलांना कांस्य, तर पुरुषांना रौप्यपदक मिळाले. 2026 च्या ग्लासगो स्पर्धेतून तर हॉकीच वगळण्यात आली.