डार्विन यांची बालनिरीक्षणाची वही

जुना कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम विचारतों तें हें कीं, लिहिणाऱ्यानें ती गोष्ट स्वतः पाहिली काय, आणि पाहिल्यावर किती काळानें लिहिली? मानसशास्त्रांतील निरीक्षणपद्धतीची परीक्षाही याच प्रश्नानें होते. उत्क्रांतिवादाचे प्रणेते चार्लस डार्विन यांची एक वही या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

त्यांचा ज्येष्ठ पुत्र विल्यम २७ डिसेंबर १८३९ रोजीं जन्मला. त्याच्या हालचाली ते या वहींत टिपूं लागले. पुढें १८७७ सालीं 'माइंड' या त्रैमासिकांत बालकांच्या भाषाशिक्षणावर फ्रेंच पंडित तेन यांचा लेख आला. तो वाचून डार्विन यांनीं सदतीस वर्षांपूर्वींची वही काढली आणि तिच्या आधारें त्याच त्रैमासिकांत निबंध लिहिला. निबंध उत्तरकालीन खरा, पण आधार समकालीन. केवळ आठवणीवर तो लिहिला असता तर त्याची योग्यता बखरीहून अधिक नसती. वही आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. तींत कांहीं नोंदी पत्नी एमा यांच्या हातच्या आहेत. असला भेद मूळ कागदावरच कळावयाचा.

नैयायिकांनीं प्रत्यक्ष व अनुमान हीं प्रमाणें वेगळीं मानलीं. तो विवेक येथें दिसतो. आठव्या दिवशीं रडण्यापूर्वीं मुलानें आठ्या घातल्या, हें पाहिलेलें. तो राग होता काय? कदाचित् वेदनाही असेल, असें डार्विन म्हणतात. चार महिन्यांच्या सुमारास चेहरा व टाळू रक्तानें लाल झालेली पाहिल्यावर मात्र त्यांनीं क्रोध निःसंशय मानला. आमच्याकडून हा विवेक सुटला होता. अध्यापक असतां आम्हीं एका विद्यार्थ्याच्या वार्षिक पत्रकांत 'आळशी' असा शेरा लिहिला. तो डोळे बारीक करून फळ्याकडे पाहतो, हें वर्षभर दिसत होतें. तें लिहिलें नाहीं. पुढल्या वर्षीं त्यास चष्मा लागला.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ प्रेयर यांनीं आपल्या मुलाच्या नोंदी दिवसांतून निदान तीन वेळां केल्या. त्यांचा ग्रंथ १८८२ सालीं निघाला. तथापि पिताच साक्षी, हा दोष दोघांच्याही कामांत उरतोच. म्हणून पुढें एकच प्रसंग दोन निरीक्षकांनीं परस्परांस न विचारतां टिपावा आणि मग नोंदी ताडून पाहाव्या, अशी रीत पडली. दोन पोथ्या शेजारीं ठेवून पाठ जुळविणाऱ्यास ती नवी वाटूं नये.