कॅलॅबॅश : झाडावर पिकणारे भांडे

वस्तुसंग्रहालयांत राजेरजवाड्यांची सोन्या-तांब्याची भांडी जपून ठेवलेली असतात. सामान्य माणूस ज्या भांड्यातून पाणी प्याला, ते मात्र तेथे क्वचितच पोहोचते. अशाच एका भांड्याची आणि ते देणाऱ्या झाडाची येथे ओळख करून द्यावयाची आहे.

कॅलॅबॅश हा मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांच्या परिसरातील वृक्ष. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये त्याला ‘क्रेसेंशिया कुजेटी’ असे नाव दिले. आपल्याकडे काही उद्यानांत तो आढळतो; तेथे त्याला ‘कमंडलू’ही म्हणतात. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा वेलीवर येतो. हे गोल, हिरवे फळ मात्र फणसाप्रमाणे खोडाला व जाड फांद्यांना लागते. फुले रात्री उमलतात व वटवाघळांकडून त्यांचे परागीभवन होते.

पक्व फळ करवतीने दुभागतात, गर खरवडून काढतात, कवच उकळून, घासून वाळवितात. एका फळाच्या दोन वाट्या होतात. वरच्या बाजूस भोक पाडून गर काढल्यास पाण्याचे भांडे मिळते. लहान फळात खडे वा बिया भरून दांडा बसविला, की ‘मराका’ हे तालवाद्य तयार होते. एल साल्वादोरमध्ये याच कुळातील दुसऱ्या झाडाच्या बिया भाजून, दळून ‘ओर्चाता’ नावाचे पेय करतात. मेक्सिकोतील वाहाका प्रांतात मका व कोको यांचे ‘तेहाते’ हे पेय आजही रंगविलेल्या कवचाच्या वाटीतून देतात.

या वाटीला नाहुआत्ल भाषेत ‘शिकाल्ली’ म्हणतात. १५२१ मध्ये स्पॅनिश सैन्याने अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकली. जेत्यांनी चॉकलेट उचलले, त्यासोबत वाटीचे नावही उचलले. स्पेनमध्ये चॉकलेटचा चिनी मातीचा पेला ‘हीकारा’ झाला, तर इटालियन भाषेत कप ‘किक्केरा’ झाला. राजधानी गेली, राज्य गेले. पण जितांच्या स्वयंपाकघरातील शब्द जेत्यांच्या मेजावर टिकून राहिला. नाहुआत्ल बोलणारे दहा लाखांहून अधिक लोक आजही आहेत.

ज्यांच्या नावे शिलालेख नाहीत, त्यांचा इतिहास असा भांड्यांत आणि शब्दांत उरतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एक विनंती : घरातील तुंबा, काथवट, कणगी अडगळ म्हणून टाकण्यापूर्वी आजीजवळ क्षणभर बसावे. त्या वस्तूचे नाव, ती कोणी केली, कशी वापरली, हे मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. इतिहासाचे ते पहिले साधन ठरेल.