जुन्या गाडीची ओढ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पंधरा-वीस वर्षांची गाडी म्हणजे मोडीत काढायची गाडी नव्हे. मारुती ८००, ओम्नी, इंडिका, सुमो, जुनी बोलेरो यांवर इथली कितीतरी घरं आजही चालतात. मंचरचा दवाखाना, नारायणगावचा बाजार, श्रावणातलं भीमाशंकर, सगळं त्याच गाडीवर. तक्रारही बहुतेकांची एकच असते: गाडी ओढत नाही. मग कुणी सायलेन्सर बदलायला सांगतं, कुणी डिझेलचा पंप वाढवायला, कुणी महागडं पेट्रोल टाकायला. या सल्ल्यांपैकी बरेच पैसे वाया घालवतात आणि काही तर इंजिनच संपवतात. थोड्या पैशांत जुन्या इंजिनात नवी ताकद भरता येत नाही. हरवलेली ताकद मात्र परत मिळते, आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच असते.

गैरसमज: घाटात दम लागला, म्हणजे इंजिन गेलं.

आधी हवेचा हिशोब मांडू. इंजिनाला इंधनासारखीच हवाही लागते आणि उंचीवर हवा विरळ होते. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, भीमाशंकर साधारण १००० मीटरवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची दर १००० मीटरला जवळपास दहा टक्के ताकद कमी होते. म्हणजे साधारण ३७ अश्वशक्तीची जुनी ८०० अगदी ठणठणीत असली, तरी जुन्नरला तिच्यापाशी चौतीस-पस्तीसच उरते. मुरबाडकडून माळशेज चढून आलेली गाडी वर मंद वाटते, त्याचं हेही एक कारण. त्यात पाच माणसं, टपावर सामान आणि एसी चालू.

शिवाय पेट्रोल वाचवायचं म्हणून चढावर तिसरा गिअर धरून ठेवणारे पुष्कळ. ताकद इंजिनाच्या फेऱ्यांतून येते. फेरे पडू दिले की इंजिन ठोके देऊ लागतं, तापतं आणि इंधनही वाचत नाही. गिअर वेळेत खाली टाकणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, त्याला पैसाच लागत नाही.

गैरसमज: पिकअप गेला की इंजिन खोलावंच लागतं.

इथे सर्वाधिक पैसा बुडतो. इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. पेट्रोल गाडीत प्लग काढून त्या जागी गेज लावतात, डिझेलला त्यासाठी जास्त दाबाचा वेगळा गेज लागतो. सगळ्या सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे आणि पुस्तकात दिल्याइतके आले, तर इंजिनाचं पोट शाबूत आहे, दोष बाहेर शोधायचा. एखादाच सिलिंडर पडला असेल तर पेट्रोल इंजिनात त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे संशय जातो. ज्या मिस्त्रीकडे हा गेज आहे आणि जो आकडे कागदावर लिहून देतो, त्याच्याकडे थोडं लांब जावं लागलं तरी जावं असं माझं ठाम मत आहे.

बाहेरचे दोष बहुधा किरकोळ निघतात. टॅपेट चुकलेले, टायमिंग मागे पडलेलं, प्लगची फट वाढलेली, डिझेल फिल्टर चोंदलेला, नोझल धार सोडत असलेले. घसरणारी क्लच प्लेट आणि चिकटलेले ब्रेक हे दोन चोर तर कुणाच्या लक्षातच येत नाहीत. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि ती लगेच थांबली, तर चाकं हाताने फिरवून पाहा. इंजिन जे देतं ते ब्रेक खात असतो. टर्बोच्या डिझेल गाडीत टर्बो आणि इंटरकूलरमधला रबरी पाइप फाटला की ओढ जाते आणि काळा धूर येतो. दोष एका पाइपाचा असतो आणि अनेक जण थेट टर्बो बदलायला निघतात.

गैरसमज: पंप वाढवला की ताकद वाढते.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. टर्बो नसलेल्या सुमोत किंवा इंडिकात हवा ठरलेलीच येते. तिच्यात जळू शकेल त्यापेक्षा जास्त डिझेल सोडलं की थोडी ओढ जाणवते, पण धूर आणि उष्णता त्याहून जास्त वाढते. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने, लांब चढावर पिस्टन आणि हेड त्याची किंमत मोजतात. पंप वाढवू नका, कॅलिब्रेट करून घ्या. दोन्ही कामं तोच कारागीर करतो, पण परिणाम उलटे होतात.

गैरसमज: एअर फिल्टर काढला की इंजिन मोकळा श्वास घेतं.

घेतं, आणि सोबत धूळही घेतं. आपल्या वाडीवस्तीच्या रस्त्यांवर फिल्टरशिवाय गाडी चालवणं म्हणजे सिलिंडरला सँडपेपर लावणं. बॉनेटखाली उघडा बसवलेला फॅन्सी फिल्टर तर इंजिनाची तापलेली हवा ओढतो, आणि हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. फरक पडतो तो चोंदलेला फिल्टर बदलल्याने. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९मध्ये ही चाचणी केली. नव्या इंजेक्शन गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने मायलेज फारसं घटलं नाही, पण वेग पकडायला लागणारा वेळ स्पष्ट वाढला.

सायलेन्सरचं थोडक्यात सांगतो. लहान इंजिनाला मोकळ्या सायलेन्सरने मिळणारी ताकद नगण्य असते. वाढतो तो आवाज, आणि कान त्यालाच ताकद समजतात. आतून गंजून कोसळलेला सायलेन्सर मात्र खरोखर गळा दाबतो. तो मूळचा तसाच नवा बसवावा.

गैरसमज: जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त ताकद.

ऑक्टेन हे ताकदीचं माप नाही. दाबाखाली इंधन अवेळी पेटू नये, ही त्याची सहनशक्ती आहे. कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला तिचा उपयोग नसतो. इंजिन ठोके देत असेल तर आधी आतला कार्बन आणि टायमिंग पाहावं.

खरा प्रश्न ई२०चा आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर हे आपले सहकारी कारखाने ज्या उसावर चालतात, त्याच पिकापासून देशात इथेनॉल बनतं, आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. शिवाय ते स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने मिश्रण जुळवून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. मिश्रण पातळ होतं आणि गाडी मरगळते. अशा गाडीचं मिश्रण पुन्हा जुळवून घ्यावं आणि इंधनाचे जुने रबरी पाइप बदलावेत. काम स्वस्तातलं आहे, आणि गळका पाइप म्हणजे आगीला निमंत्रण.

सीएनजी किटवाल्यांसाठी वेगळी नोंद. वायू सिलिंडरमधल्या हवेची जागा घेतो, म्हणून सुमारे दहा टक्के ताकद कमी होणारच. प्लगची फट कमी ठेवणं, टायमिंग पुढे घेणं आणि टॅपेट वेळेवर तपासणं, एवढं आपल्या हाती.

गैरसमज: रुंद, मोठे टायर लावले की गाडी दमदार होते.

दिसते दमदार, ओढते कमी. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरचा व्यास ७०३ मिलिमीटरच्या आसपास येतो, २३५/७५ आर १५चा ७३३. चाक चार टक्क्यांनी मोठं झालं की प्रत्येक गिअरमधली ओढ तेवढीच घटते. त्यात जास्तीचं वजन आलंच. मीटरही खोटं बोलतो, काटा ८०वर असताना गाडी ८३ने धावते.

लोहचुंबक, इंधनात टाकायच्या गोळ्या, सॉकेटमध्ये खोचायच्या डब्या यांवर एक रुपयाही घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणं तपासली. थोडाफार उपयोग दिसला तो मोजक्यांचाच.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेबाहेर गाडीत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. आपल्या एमएच १४ गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणीला उभं राहावं लागतं, तिथे हे बदल उघडे पडतात. अपघात झाल्यावर विमा कंपनीही तेच बोट दाखवते.

पुढच्या वेळी गॅरेजला गेलात की ‘जरा ताकद वाढवून द्या’ म्हणू नका. ‘कॉम्प्रेशन मोजा, ब्रेक मोकळे आहेत का पाहा आणि आकडे लिहून द्या’ एवढं म्हणा, आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा.