आकाशातल्या धोंड्याचा माग

अमडापूरला पाहुणा आला, की एक दिवस लोणारसाठी राखून ठेवावा लागतो. आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातले ते विवर अशनीच्या आघाताने काळ्या खडकात पडले. अशनी येतो आहे, हे सांगणारे तेव्हा कुणी नव्हते.

आता आहेत. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या दुर्बिणीला सुमारे ६० मीटरचा '२०२४ वायआर४' हा लघुग्रह दिसला. २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्ट्यात दक्षिण आशियाही होता. त्याच महिन्यात ती जवळजवळ शून्यावर आली.

लघुग्रहाने वाट बदलली नव्हती. आपले मोजमाप सुधारले होते. थोड्या दिवसांच्या नोंदींवरून काढलेली कक्षा बारीक रेघ नसते, रुंद पट्टा असतो. नव्या निरीक्षणांनी तो आक्रसतो. पृथ्वी त्यात असेपर्यंत टक्केवारी चढते. बाहेर पडली, की कोसळते.

लोणारच्या काठावर मुले विचारतात, 'पुन्हा असा धोंडा पडेल का?' पडू शकतो. मात्र वेळेवर कळले, तर त्याला ढकलता येईल. २०२२ मध्ये 'डार्ट' यानाने धडक देऊन डायमॉर्फस या लघुग्रहाची कक्षा बदलून दाखवली आहे.