शेतजमिनीपासून भूखंडापर्यंत : अभिन्यास मंजुरीचा मार्ग

शहराच्या वेशीवर जिथे काल-परवापर्यंत ज्वारी उभी होती, तिथे एके दिवशी चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात, कोपऱ्यांवर दगड रोवले जातात आणि रस्त्याच्या कडेला फलक उभा राहतो. अल्प वेतनाचा नोकरदार, निवृत्त शिक्षक किंवा गावाकडील जमीन विकून आलेला शेतकरी आयुष्यभराची शिल्लक त्या रेघांमधील एका चौकोनासाठी मोजतो. मात्र जमिनीवर रेघा आखल्याने भूखंड निर्माण होत नाही. त्यामागे सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला अभिन्यास, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला 'ले-आऊट', असावा लागतो.

कायद्याचा आधार

नियोजनबद्ध नगररचनेचा विचार या राज्यास नवा नाही. तत्कालीन मुंबई प्रांतात १९१५ सालीच नगररचनेचा कायदा झाला होता. त्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि पुढे त्याची जागा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ ने घेतली. या अधिनियमात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत बांधकामाबरोबरच जमिनीचा अभिन्यास व उपविभागणी यांचाही समावेश आहे. त्यामुळे विटेवर वीट चढण्यापूर्वी, केवळ जमिनीचे भूखंड पाडण्यासाठीही परवानगी आवश्यक ठरते.

ही परवानगी शहरात महानगरपालिका अथवा नगर परिषद देते. गावठाणाबाहेरील प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. ग्रामपंचायतीचा दाखला किंवा घरपट्टीची पावती म्हणजे अभिन्यासाची मंजुरी नव्हे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

छाननी कशाची होते?

अर्जासोबत मालकी हक्काची कागदपत्रे, सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेख विभागाचा मोजणी नकाशा आणि परवानाधारक तंत्रज्ञाने तयार केलेला अभिन्यासाचा नकाशा सादर करावा लागतो. प्रथम जमीन विकास योजनेत कोणत्या विभागात मोडते, हे तपासले जाते. ती निवासी विभागात आहे की शेती विभागात, तिच्यातून नियोजित रस्ता जातो काय, शाळेसाठी वा उद्यानासाठी आरक्षण आहे काय, नाला किंवा पूररेषा आहे काय, या प्रश्नांची उत्तरे नकाशावरून मिळतात. मालकाने रंगविलेले चित्र योजनेशी विसंगत असेल, तर ते बदलावे लागते.

त्यानंतर अंतर्गत रचनेची छाननी होते. बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार अभिन्यासातील रस्ता जितका लांब, तितकी त्याची रुंदी अधिक ठेवावी लागते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत सामान्यतः १० टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून राखावे लागते. प्रत्येक भूखंडास रस्ता मिळतो काय आणि आपला रस्ता शेजारच्या जमिनीतील रस्त्याशी जुळतो काय, हेही पाहिले जाते.

या अटी अनेकांना जाचक वाटतात. समजा, जमीन १ हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर आहे. तीतून १,००० चौरस मीटर खुली जागा आणि रस्त्यांसाठी २,५०० चौरस मीटर गेले, तर विक्रीस ६,५०० चौरस मीटर उरतात. विनामंजुरी भूखंड स्वस्त का मिळतो, याचे उत्तर याच वजाबाकीत आहे. तेथे मुलांचे मैदान आणि अग्निशामक बंबाची वाटदेखील गुंठ्याच्या भावाने विकलेली असते.

निर्णय व अंतिम मंजुरी

प्राधिकरण अर्ज विनाअट वा अटींसह मंजूर करू शकते किंवा कारणे देऊन नाकारू शकते. ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूद आहे. तथापि प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तरच तिचा लाभ होतो. निर्णय मान्य नसल्यास तो कळविल्यापासून ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

प्रारंभी मिळणारी मंजुरी बहुधा तात्पुरती असते. तीनुसार जागेवर सीमांकन करून मोजणी केली जाते, तसेच रस्ते, गटारे आदी कामे पूर्ण करावी लागतात. मग अंतिम मंजुरी मिळते. पुढे भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक तयार होऊन प्रत्येक भूखंडाची स्वतंत्र नोंद होते. तेव्हा कागदावरील चौकोनास खऱ्या अर्थाने अस्तित्व लाभते.

गुंठेवारीचा धडा

ही वाट टाळून गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या, त्या वसाहतींचे दुखणे राज्यातील अनेक शहरांनी अनुभवले आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या तुकड्यांवर दाटीने घरे उभी राहिली, पण रस्ता, गटार आणि नळाची वाहिनी यांना जागाच उरली नाही. रहिवाशांना दिलासा देण्यासाठी २००१ साली गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा अधिनियम झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीस त्याचा लाभ देण्यात आला. परंतु नियमितीकरणाने कागद शुद्ध होतो, अरुंद बोळ रुंद होत नाही. मूळ विक्रेता नफा घेऊन निघून गेलेला असतो आणि शुल्काचा भार घरात राहणाऱ्यावर पडतो.

खरेदीदाराची दक्षता

म्हणून इसार देण्यापूर्वी मंजुरीचा आदेश व शिक्कामोर्तब झालेला नकाशा मागून घ्यावा आणि त्याची संबंधित कार्यालयात खातरजमा करावी. मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम, हे विचारावे. विक्रीसाठीच्या ५०० चौरस मीटरहून मोठ्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक असल्याने तीही तपासावी. शेवटी नकाशा हाती घेऊन जागेवर जावे आणि नकाशातील हिरवा चौकोन जमिनीवर कोठे आहे, हे स्वतः पाहावे. तो सापडला नाही, तर व्यवहार तेथेच थांबविणे हिताचे.