एका छताखाली दोन पिढ्या : अमेरिकेतील कोरियन मंडळ्या

कोरियन स्थलांतरितांची पहिली तुकडी घेऊन 'गेलिक' हे जहाज १३ जानेवारी १९०३ रोजी होनोलुलूला लागले. हवाईतल्या उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या या शंभरेक माणसांपैकी बरीचशी इंचॉनच्या मेथडिस्ट मंडळीतली होती. तिथले मिशनरी जॉर्ज हेबर जोन्स यांनीच त्यांना जाण्याचा सल्ला दिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये होनोलुलूत त्यांची उपासना सुरू झाली. चिनी लोकांची प्रॉटेस्टंट मंडळी याआधी अर्धशतक, १८५३ मध्येच, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये उभी राहिली होती. कोरियनांच्या बाबतीत मात्र वसाहत आणि चर्च जवळजवळ एकदमच रुजले, आणि पाळकाच्या कामावर त्याची छाप आजही आहे.

१९६५ च्या स्थलांतर कायद्याने आशियाई देशांवरची जुनी बंधने उठली आणि कोरियन कुटुंबे मोठ्या संख्येने येऊ लागली. प्यू या संस्थेच्या २०१२ च्या अहवालात अमेरिकेतल्या ७१ टक्के कोरियनांनी आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. खुद्द दक्षिण कोरियात हे प्रमाण तेव्हा एक तृतीयांशाहूनही कमी होते. काही जण श्रद्धा घेऊनच आले, पण पुष्कळांना चर्चची वाट अमेरिकेत आल्यावर सापडली. समाजशास्त्रज्ञ प्योंग गॅप मिन यांनी १९९२ मध्ये या मंडळ्यांची चार कामे नोंदवली : आपल्या माणसांचा सहवास, संस्कृतीचे जतन, अडीअडचणीला मदत आणि मानमरातब.

रविवारी दुपारी यांतली बहुतेक कामे एका टेबलावर दिसतात. उपासना संपली की चर्चच्या सभागृहात भात, किमची आणि वाफाळते सूप मांडले जाते. जेवता जेवता नव्या कुटुंबाला भाड्याचे घर, ड्रायव्हिंग लायसन्स, मुलांची शाळा यांची माहिती मिळते. शेजारी बसलेला गृहस्थ कोरियात पदवी घेऊन आलेला असतो आणि इथे ड्रायक्लीनिंगचे दुकान चालवत असतो. आठवडाभर त्याला कोणी विचारत नाही. रविवारी तो 'चांगनो', म्हणजे मंडळीचा वडील असतो. नवा पाळक आल्या आल्या समित्या मोडायला निघाला, तर या माणसाजवळ उरलेल्या एकुलत्या एका मानाला धक्का बसतो. म्हणून जाणते पाळक पहिले वर्षभर घरोघर जाऊन फक्त ऐकतात.

केरळी मंडळ्यांतही असेच घडले. परिचारिका असलेल्या बायका आधी अमेरिकेला गेल्या, नवरे मागून आले आणि बऱ्याचदा हलक्या नोकऱ्यांत अडकले. घरातला आणि बाहेरचा गेलेला मान त्यांनी चर्चच्या पदांमध्ये शोधला, हे शीबा जॉर्ज यांनी २००५ च्या पुस्तकात तपशीलवार मांडले आहे. अशा मंडळीत स्त्रियांना निर्णयात जागा देणे हा प्रश्न किती नाजूक होतो, हे त्यावरून कळते.

खरी कसोटी दुसऱ्या पिढीची. १९९६ मध्ये हेलन ली यांनी 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या मासिकात या पिढीच्या 'मूक निर्गमना'वर लिहिले आणि तो शब्दप्रयोग रूढ झाला. मुले कॉलेजला जात, आणि आईवडिलांच्या चर्चला परतत नसत. भांडण नाही, निरोपही नाही. प्यूच्या २०२३ च्या अहवालात ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कोरियनांचे प्रमाण ५९ टक्क्यांवर आलेले दिसते. घसरणीची कारणे अनेक असतील, पण मुलांची ही पांगापांग त्यांतले एक मानायला हवे.

दोष बहुधा भाषेला दिला जातो. भाषेची अडचण खरीच आहे : वाक्यागणिक दुभाषा उभा केला की अर्ध्या तासाचे प्रवचन तासाभराचे होते आणि दोन्ही बाजू कंटाळतात. त्यामुळे इंग्रजी उपासना वेगळी ठेवतात. तिला सगळे 'ई. एम.' म्हणतात आणि कोरियन विभागाला 'के. एम.'. पण इंग्रजी उपासना सुरू झाल्यावरही तरुण जातात, कारण इमारतीच्या किल्ल्या, अंदाजपत्रक आणि वडीलमंडळातल्या खुर्च्या पहिल्या पिढीकडेच राहतात. तिशीतल्या, दोन लेकरांच्या बापालाही तिथे 'मुलांपैकी एक' समजतात. इंग्रजी विभागाचा पाळक पहाटेच्या प्रार्थनेला, 'सेब्योक किदो'ला, हजर असावा अशी अपेक्षा असते; त्याने मागितलेल्या खर्चावर मात्र 'प्रार्थना करू या' एवढेच उत्तर मिळते. हा नकार आहे, हे अमेरिकेत वाढलेल्या पाळकाला पुष्कळदा उशिरा उमगते.

यावर अनुभवी मंडळींचा उपाय साधा आहे. विषय सभेत प्रथमच काढायचा नाही. आधी ज्येष्ठ वडिलांच्या घरी फळे घेऊन जायचे, प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायचा, त्यांचा सल्ला मागायचा. सभेत तो त्यांनाच मांडू द्यायचा. चारचौघांत कोणाची चूक काढायची नाही. मात्र ही रीत दोन्हीकडून पाळली गेली पाहिजे. तरुणांनी वाकायचे आणि वडिलांनी काहीच सोडायचे नाही, असे झाले तर तिला शहाणपण म्हणता येणार नाही.

लाजेचा प्रश्न याहून खोल जातो. नैराश्य, दारू, घरातली मारहाण, मुलाचे शिक्षण सुटणे या गोष्टी चर्चपासून लपवल्या जातात, कारण सगळी ओळखीची माणसे तिथेच असतात. २००२-०३ च्या एका राष्ट्रीय पाहणीत आशियाई अमेरिकनांपैकी ८.६ टक्क्यांनीच वर्षभरात मानसिक आरोग्यासाठी कोणतीही मदत घेतल्याचे आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येत हा आकडा १७.९ होता. अशा वेळी पाळक हा पहिला आणि कित्येकदा एकमेव श्रोता ठरतो. त्याने ऐकलेले पत्नीलाही न सांगणे, प्रार्थनेच्या यादीत नाव न घालणे, दूरच्या गावातला समुपदेशक सुचवणे आणि व्यासपीठावरून आजाराबद्दल आजार म्हणूनच बोलणे, एवढ्यानेही बंद दारे उघडतात. मारहाणीत मात्र गुप्ततेच्या आधी जिवाची सुरक्षितता येते. तिथे कुटुंबाची अब्रू सांभाळत बसणे हा गुन्हेगाराला आधार आहे.

दोन पिढ्यांच्या मांडणीचे मार्ग निरनिराळे निघाले. कुठे इंग्रजी विभाग स्वतंत्र चर्च झाला, कुठे दोन मंडळ्या एकाच इमारतीत समान अधिकाराने राहतात. लॉस एंजेलिसची एव्हरग्रीन बॅप्टिस्ट ही मुळात जपानी अमेरिकनांची मंडळी १९९७ मध्ये ठरवून, भांडण न होता, दोन झाली; चिनी वंशाचे केन फाँग यांच्याकडे आलेल्या शाखेने अनेक वंशांच्या लोकांना सामावून घेण्याची दिशा धरली. एकाच छताखाली राहणाऱ्या मंडळ्यांत मुलांची रविवारची शाळा सामाईक ठेवण्याचा फायदा होतो, कारण नातवंडांसाठी दोन्ही पिढ्या एकत्र येतात. अंदाजपत्रकातला इंग्रजी विभागाचा वाटा लेखी ठरवून त्याचा खर्च त्यांच्यावरच सोपवणे, आणि वडीलमंडळात त्यांचे दोघे तरी मताधिकारासह घेणे, ही पुढची पायरी. आता पहिली पिढी थकत चालली आहे. इस्पितळात आणि अंत्यविधीला तिला कोरियनमधूनच प्रार्थना हवी असते. त्यामुळे काही मंडळ्यांत इंग्रजी विभागाचे पाळक तेवढ्यापुरती कोरियन शिकतात आणि आजी-आजोबांच्या भेटींना दोन्ही विभागांचे पाळक जोडीने जातात.